मुंगी कुणाकडे

४ मार्च

थोरल्या,

पत्र उघडून आधी खाली सही शोधशील, म्हणून सांगून टाकते. सही नाही, अंगठा आहे. तोही जरा फाकलाय. मी तुझी आई. अजून आहे.

लिहितोय तो आमच्या खालच्या मजल्यावरचा पोस्टमन. निवृत्त झालाय. पस्तीस वर्षं लोकांची पत्रं न वाचता वाटली, त्याचा आता वचपा काढतो. इमारतीत कुणालाही पत्र लिहून देतो आणि लिहिता लिहिता मत देतो. मी म्हटलं, मी सांगते तेवढं सगळं लिही आणि तुझं मत तुझ्यापाशी ठेव. हेही त्याने लिहिलेलं दिसतंय. असो.

तुझ्या बहिणीला या पत्राची खबर नाही. काम निघालं म्हणून पाठवतेय. अकरा वर्षांनी कामाशिवाय पत्र आलं असतं तर तुला वाटलं असतं, म्हातारी हळवी झाली.

धाकटी अजून लिफ्टच दुरुस्त करते. तिच्या कंपनीत एक मिस्त्री होता. बायको आधीच गेलेली, दोन मुली एकट्याने वाढवत होता. गेल्या महिन्यात तो गेला. लिफ्टमध्ये नाही. लिफ्ट बंद पडलेली म्हणून जिन्याने वर चालला होता, चौथ्या मजल्यावर दम घ्यायला बसला तो बसलाच. पोस्टमन म्हणतो, यात हसण्यासारखं काही नाही. मी हसत नाहीये, सांगतेय.

त्याने कुठे काही लिहून ठेवलं नव्हतं. मोठीला आत्याने नेलं, लहानीला मावशीने. एका पलंगावर झोपणाऱ्या बहिणी आता दोन गावांत आहेत. वाईट कुणाच्याच मनात नव्हतं. ज्याच्या त्याच्या घरात एकीपुरतीच जागा होती.

ते कळलं त्या दिवशी धाकटी घरी आली, हात धुतले, हत्यारांची पेटी जमिनीवर उपडी केली आणि एकेक पाना पुसत बसली. सगळे पुसून झाल्यावर म्हणाली, "आई, मी मृत्युपत्र करावं का गं?"

मी म्हटलं, "मृत्युपत्र श्रीमंत लोक करतात, मागे पोरांना भांडायला सोपं जावं म्हणून. तुझ्याकडे आहे काय? भाड्याचं घर, पान्यांची पेटी आणि एक पोर."

"पोरीचंच विचारतेय," ती म्हणाली.

मग मी गप्प बसले. तुझा विश्वास बसणार नाही, पण बसले.

पोरीला आम्ही मुंगी म्हणतो. तू पाहिलीस तेव्हा तीन महिन्यांची होती, आता अकराची आहे. तिच्या बापाने दुसरं घर मांडलं, हे तुला माहीत आहे. त्याने तिचं तोंड पाहिलेलं नाही आणि तिलाही त्याचं पाहायची हौस नाही.

तर मुद्दा असा. कागद करायचा म्हणजे त्यात एक नाव घालावं लागतं. धाकटीला काही झालं तर मुंगी कुणाकडे, त्याचं. धाकटी दोन आठवडे तिथेच अडून बसली आहे. माझं नाव घालून काय उपयोग, मी अठ्ठ्याहत्तरची. म्हणून मला तू सुचलास. तू सख्खा मामा आहेस. तुझं घरही मोठं आहे असं ऐकते.

हो की नाही, एवढं कळव.

बाकी ठीक. गुडघे जागच्या जागी आहेत, मीच त्यांना फार हलवत नाही.

तुझी आई


२१ मार्च

थोरल्या,

तुझं उत्तर नाही. पोस्टमन शपथेवर सांगतो की पत्र पोचलं असणार. टपालखात्याबद्दल वाकडा शब्द त्याला खपत नाही. म्हणजे पत्र तुझ्या घरात आहे आणि तू त्याच्याभोवती फेऱ्या मारतोयस. लहानपणी पेल्यात औषध ओतून ठेवलं की मारायचास, तशा.

परवा आम्ही वकीलबाईंकडे जाऊन आलो. चष्म्याच्या दुकानावर, दुसरा मजला. खोलीत खुर्च्या तीन, त्यातल्या एकीवर फायली बसलेल्या. त्यांना कुणी उठवलं नाही, म्हणून मुंगीला घरी ठेवलं ते बरंच झालं. वकीलबाई तरुण आहेत. केस आखूड, बोलणं त्याहून आखूड.

"आजी, वय?"

"तुम्ही किती धराल?"

"मला नक्की लिहावं लागेल."

"मग अठ्ठ्याहत्तर लिहा, आणि वाटत नाही असं पुढे लिहा."

धाकटीने विचारलं, "हे करायलाच लागतं का?"

"सक्ती नाही," वकीलबाई म्हणाल्या. "न करताही माणसं मरतात."

इथून पुढे बाई मला आवडायला लागल्या.

त्यांनी समजावलं ते असं. ज्याची तीन घरं आहेत त्याने कागद केला नाही तर घरं कुठे पळून जात नाहीत, भांडणं मिटेपर्यंत उभी राहतात. पोर तसं उभं राहू शकत नाही, त्याला संध्याकाळी कुठेतरी जेवायचं असतं. धाकटीने काही लिहिलं नाही तर ठरवणारा कुणी तिसराच असेल. तो आधी बापाला विचारेल, मग ज्याचा आवाज मोठा त्या नातेवाइकाला. लिहिलेलं असलं तर निदान आईचं म्हणणं काय होतं, हे तो वाचेल.

"आणि माझ्याकडे नावच नसेल तर?" धाकटीने विचारलं.

"मग बाकीचा कागद मी तयार करते, ती ओळ मोकळी ठेवते. घरी जाऊन विचार करा. आजींचं घालायचं असेल तर घाला, पण त्यांच्यानंतरचं एक लागेलच."

धाकटीने कागदाकडे असं पाहिलं, जसं ती अडकलेल्या लिफ्टकडे पाहते. तुझं नाव माझ्या जिभेवर आलं होतं. मी खोकले आणि पाणी मागितलं.

आम्हाला नेलं-आणलं ते तिच्या जोडीदाराने, कंपनीच्या गाडीतून. जोडीदार म्हणजे कामावरचा. उगाच भुवया उंचावू नकोस, त्याला बायको आहे आणि ती बस चालवते. मूलबाळ नाही. लिफ्टचं काम दोघांचं असतं, एक वर यंत्राच्या खोलीत, एक खाली खड्ड्यात. वरचा ओरडून विचारतो, "हलवू?" आणि खालून "हलव" असा आवाज आल्याशिवाय कशाला हात लावत नाही. मग अख्खी इमारत जिन्यात उभी राहून शिव्या देत असली तरी. धाकटी नऊ वर्षं त्याच्या जोडीने खड्ड्यात उतरतेय आणि नऊ वर्षं तो वरून विचारतोय.

त्याला ती खोडच लागलीये. आमच्याकडे आला की दार सताड उघडं असलं तरी बाहेरून विचारतो, "येऊ?" एकदा धाकटी न्हाणीघरात होती आणि मला गंमत सुचली. मी खुर्चीतून त्याच्याकडे बघत राहिले, बोलले काही नाही. पायपुसण्यावर दहा मिनिटं उभा होता बाबा. शेवटी मलाच लाज वाटली. असा माणूस. चांगला आहे, पण परका तो परकाच.

तू परका नाहीस. कळव.

तुझी आई


८ एप्रिल

थोरल्या,

आज लेखनिक बदलला. पोस्टमनच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय आणि डॉक्टरने त्याला लिहू नको, वाकू नको, वाद घालू नको असं सांगितलंय. पहिली दोन तो पाळतोय. अक्षर तुझ्या भाचीचं आहे. बघ किती सुरेख आहे. मला दिसतं ते सरळ रांगेत दिसतं, त्यावरून म्हणते.

मागे लिहिलेल्या त्या कामाबद्दल तुझं काही आलं नाही.

मुंगी विचारतेय, कुठलं काम. मी म्हटलं, मोठ्यांचं. ती म्हणते, मग मोठ्यांकडून लिहून घे. बघ, जीभ कुणावर गेलीये ते. माझ्यावर नाही.

ते काम होईपर्यंत तुला आमच्याकडची माहिती असावी म्हणून कळवते. मुंगी अभ्यासात हुशार आहे. ती म्हणते, हुशार लिहिणार नाही, बरी लिहिते. बरी आहे. आजारी फारशी पडत नाही. खाण्याचे नखरे नाहीत. एका कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसली की घरात आहे का नाही ते कळत नाही. अंथरूण स्वतःचं स्वतः आवरते.

"आजी, मी काय मांजर आहे का? कुणाला देतेयस?"

मी म्हटलं, "गप लिही. मामाला आपल्या घरची माहिती नको?"

"मामाला अकरा वर्षं नको होती."

हे लिहू नकोस म्हटलं तरी ती लिहीत असणार. पोस्टमनने हिलाही बिघडवलं.

तुझी बहीण ठीक आहे. कागद अजून फ्रीजवर डब्याखाली आहे. म्हणजे विजेच्या बिलाचा कागद. उत्तर पाठव. दोन शब्द चालतील, एक चालेल.

तुझी आई

मामा, आता हे मी लिहितेय, आजी नाही. आजी शाईचा अंगठा धुवायला गेली आहे. तिला वाचून दाखवताना एवढं मी वाचणार नाही.

ते काम काय आहे मला माहीत आहे. डब्याखाली विजेचं बिल नाहीये, वकीलबाईंचा कागद आहे. मला वाचता येतं, पण घरात ते कुणाच्या लक्षात राहत नाही. तुम्ही वाईट आहात असं मला वाटत नाही, मी तुम्हाला ओळखतच नाही. तरी तुम्ही नाही म्हणालात तर बरं होईल. आईला काही झालं तर मला जोडीदारकाकांकडे राहायचं आहे. त्यांच्या खिडकीतून माझी शाळा दिसते. आईला उशीर झाला की मी तिथेच जेवते. काकू तिच्या बसमध्ये मागच्या सीटवर मला अभ्यास करू देते आणि कुणी मोठ्याने बोललं तर आरशातून बघते.

मला कुणी विचारलं नाही म्हणून मी सांगितलं नाही. तुम्ही आजीला सांगू नका. पण तिला पत्र पाठवा, त्या कामाचं नाही, असंच. ती रोज खाली जाऊन टपालपेटी बघते. किल्ली आईकडे असते, म्हणून फटीतून बघते.


१९ एप्रिल

थोरल्या,

तुझं पत्र आलं. पोस्टमनने एका डोळ्याने वाचलं, दुसऱ्यावर अजून पट्टी आहे.

"आई, माझी तयारी आहे." ही पहिली ओळ मी त्याला तीनदा वाचायला लावली. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "मावशी, अक्षरं बदलत नाहीत हो." मी म्हटलं, "तुला काय घाई आहे? डॉक्टरने वाद घालू नको सांगितलंय ना?"

मग पुढचं वाचलं. तुमच्या गावाजवळ चांगली शाळा आहे, मुलींना तिथेच राहायची सोय आहे, सुट्टीत ती तुझ्याकडे येईल. तू चौकशीही करून ठेवलीस. तू असाच आहेस. एकदा उठलास की सगळं करतोस, उठायलाच तुला वेळ लागतो.

आणि त्याखाली लिहिलंयस की मुलीने पत्राच्या शेवटी आपल्या मनाचं काहीबाही लिहिलं आहे, तू नाही म्हणावंस, तिला कुणा जोडीदाराकडे राहायचंय, वगैरे. मुलं असं लिहितात, तिकडे लक्ष द्यायचं नसतं, दोन महिन्यांत रुळतात. पोस्टमन इथे थांबला. मी म्हटलं, वाच. त्याने टपालपेटीचंही वाचलं.

पेटीचं खोटं आहे. रोज नाही जात.

मला तिने अख्खं पत्र वाचून दाखवलं होतं. शेवटी थोडं थांबली होती. मला वाटलं, दमली असेल.

तू हो म्हणालास, त्याबद्दल पुढे काय म्हणायचं ते मला सुचत नाही. पोस्टमनला म्हटलं, तसंच लिही, सुचत नाही. तो म्हणाला, "पहिल्यांदाच." हे मत नाही, माहिती आहे, म्हणून लिहितो म्हणाला.

सविस्तर नंतर कळवते. तोवर शाळेचे पैसे भरू नकोस.

तुझी आई


६ मे

थोरल्या,

या वेळचं अक्षर तुला पाहताक्षणी कळलं असेल. शाळेत असताना तुझ्या अर्ध्या वह्या याच अक्षरात पुऱ्या व्हायच्या. मी तुझ्या बहिणीला बोलावलं नाही. मी पोस्टमनकडे निघाले होते. ती म्हणाली, "बस इथे. मीच लिहिते. काय काय लिहून घेतलंस ते मला तरी कळू दे."

म्हणजे आज जे सांगायचं ते हिच्यासमोर सांगायचं आहे. ती मान वर करत नाही, त्यामुळे जरा बरं पडतंय.

तू शेवटचा आलास त्या दिवशी आमच्या खोलीत उभा राहून हिला म्हणालास, "हे पोर नेऊन त्याच्या बापाच्या दारात ठेव आणि मोकळी हो." पोर तेव्हा माझ्या मांडीवर होतं. मी काही बोलले नाही. हिने तुला दार दाखवलं, तेव्हाही मी बोलले नाही. तू जिना उतरलास तो आवाज मी शेवटच्या पायरीपर्यंत ऐकला.

मी ते विसरले नव्हते. तुला पहिलं पत्र लिहिताना ते माझ्या डोक्यात होतं आणि तरी मी तुझंच नाव पुढे केलं. हिला कागदात घालायला नाव हवं होतं. मला तू हवा होतास. कामाशिवाय बोलावलं तर येणार नाहीस असं वाटलं, म्हणून काम शोधलं. गळाला काहीतरी लावावं लागतं, मी नात लावली.

इथे हिने पेन खाली ठेवलं. पाणी पिऊन आली. परत घेतलंय.

तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी मी हिला सगळं सांगितलं. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना तिने पोरीला सरळ विचारलं.

"मुंगे, मला काही झालं तर तू कुठे राहशील?"

"काही म्हणजे मेलीस तर?"

"हो."

"जोडीदारकाकांकडे. पण आत्ता मरू नकोस, परीक्षा आहे."

"तू त्यांना विचारलंस का?"

"तू विचार ना. मी कसं विचारू? जिची आई मरणार, तिनेच जाऊन विचारायचं का?"

हिला हसू फुटलं आणि मग ती उठून भांडी घासायला गेली. तीन माणसांची भांडी ती, अर्धा तास घासत होती.

दुसऱ्या दिवशी हिने कामावरच विचारलं, खड्ड्यातून. वर त्याने आधी यंत्र बंद केलं. मग तो म्हणाला, "बायकोला विचारून सांगतो." संध्याकाळी दोघं आली. बोलली तीच. म्हणाली, "आमचं हो आहे, पण कागदात माझंही नाव पाहिजे. याच्या भरवशावर राहिली तर पोर गणितात नापास होईल." तो नुसता मान हलवत होता. निघताना त्याने मुंगीला विचारलं, "तुला चालेल ना?" तिने मांडीवरच्या पुस्तकातून मान वर न करता सांगितलं, "मीच सुचवलंय."

शनिवारी जोडीदार आणि त्याच्या बायकोसमोर कागद झाला. मोकळी ओळ भरली. साक्षीदार म्हणून पोस्टमन आला, दोन्ही डोळ्यांनी, आणि दुसरा खालचा चष्मेवाला. या खेपेला मुंगीला नेलं होतं, तिच्यासाठी वकीलबाईंनी स्वतः फायली उचलल्या. वाचून सह्या झाल्या. सगळे उठणार तेवढ्यात मुंगी म्हणाली, "आणि आजीचं?"

"आजीचं काय?" वकीलबाईंनी विचारलं.

"आई गेली तर मी काकांकडे जाणार. आजी कुणाकडे?"

आम्ही सगळे धरून चाललो होतो की मी आधी जाणार. मीसुद्धा. पण त्या मिस्त्रीची आई अजून आहे म्हणे, नव्वदीची. तिच्याकडे कोण बघतं ते आम्ही कुणी विचारलंच नव्हतं.

"आजींना पालक नेमता येत नाही," वकीलबाई म्हणाल्या. "त्या सज्ञान आहेत."

"नक्की?" मुंगीने विचारलं.

मेली.

जोडीदार म्हणाला, "आजींना पण आम्ही ठेवून घेऊ." त्याच्या बायकोनेही लगेच हो म्हटलं. त्यांचं घर दोन खोल्यांचं आहे. मी म्हटलं, "नको. मला मुलगा आहे."

"कुठे असतो?" वकीलबाईंनी विचारलं.

मी तुझा पत्ता सांगितला. घराचा नंबर, गल्ली, कोपऱ्यावरचं औषधाचं दुकान, गावाचा टपालाचा आकडासुद्धा. पोस्टमन बघतच राहिला. त्याला वाटत होतं, तो पाकिटावर लिहितो म्हणून पत्ता त्यालाच माहीत आहे.

तर असं आहे. कागदात तुझं नाव नाही. मुंगीसाठी तू हो म्हणालास, तुझं ते हो मला परत करायचं आहे, तिची सोय झाली. त्या शाळेला नाही म्हणून कळव. रागावलास तर रागाव, त्याची आम्हाला सवय आहे.

तुझी बहीण म्हणते, आलास तर दार उघडीन, बोलेनच असं नाही. मी विचारलं, हे लिहू का? म्हणाली, लिहून झालं.

माझ्यापुरतं तुला एक विचारायचं आहे. काय ते तुला कळलं असेल. पण ते मी या पत्रात विचारत नाही. विचारलं की तू उत्तर लिहिणार, आणि ते मला दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकावं लागणार. कधी पोस्टमनच्या, कधी हिच्या, कधी त्या कार्टीच्या, ती तर तिला हवं तेवढंच वाचते. हो असेल की नाही असेल, या खेपेला मला ते तुझ्या आवाजात ऐकायचं आहे.

म्हणून लिहू नकोस. ये.

तुझी आई